ग्रॅफाइट सोनेरी होतो तेव्हा

खान्देशात थंडीत भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजतात. जाळ विझला की खाली काळा कोळसा राहतो, आणि कार्बन म्हणजे काळाच ही समजूत तिथूनच मनात बसते. पण हाच कार्बन जळगावच्या सराफ्यातल्या सोन्याचा रंग घेऊ शकतो. १९२६ मध्ये जर्मनीत फ्रेडेनहागेन आणि काडेनबाख यांनी ग्रॅफाइटमध्ये पोटॅशियमची वाफ मुरवली. आठ कार्बन अणूंमागे पोटॅशियमचा एक अणू शिरला तर ग्रॅफाइट सोनेरी दिसतो, चोवीसांमागे एक असला तर पोलादी निळा. अशी परक्या अणूंची भर घालणं म्हणजे डोपिंग.

रंग पोटॅशियमचा नव्हे. पोटॅशियम आपला इलेक्ट्रॉन कार्बनच्या थरांना देतो, एवढंच. साध्या ग्रॅफाइटमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन थोडे. ते वाढले की तो धातूसारखा प्रकाश परतवू लागतो. तांबडा-पिवळा परततो, निळा तितका परतत नाही, म्हणून झाक सोन्याची. मोबाइलच्या लिथियम बॅटरीतला ग्रॅफाइटही चार्ज होताना निळा, मग तांबडा आणि शेवटी सोनेरी होतो. रोज आपल्या खिशात हे घडतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांच्या प्लॅस्टिकला, आयोडीनची वाफ दिली. गाजली ती त्याची वीजवाहकता, पण प्रकाशशोषणही दृश्य पट्ट्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्ताकडे सरकलं होतं.

ग्राफीनने हा हिशेब सर्वांत स्वच्छ मांडला. ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा अणूभर जाडीचा एकच थर. तो २.३ टक्के प्रकाश शोषतो, हे २००८ मध्ये मोजलं गेलं. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेच्या वरच्या जागांवर चढतात; त्यात इलेक्ट्रॉन वाढवले की या जागा आधीच भरतात. भुसावळला गाडी भरूनच आली तर नवा प्रवासी चढणार कुठे? तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश मग शोषला न जाता आरपार जातो.

कार्बनचे चमकणारे ठिपके, म्हणजे कार्बन डॉट्स, २००४ मध्ये काजळी शुद्ध करताना योगायोगाने सापडले. सुरुवातीला त्यांचा उजेड मंद होता. २०१३ मध्ये सायट्रिक आम्लासोबत नायट्रोजन असलेलं एथिलीनडायअमीन तापवलं, तेव्हा चमक, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांमागे परत बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण, ८० टक्क्यांच्या आसपास गेली. मात्र यातला बराच उजेड सोबत बनणाऱ्या लहान रेणूंचा असतो, हे पुढे लक्षात आलं, म्हणून सगळं श्रेय डोपिंगला देणं घाईचं ठरेल. त्याच वर्षी केळीच्या रसापासूनही असे ठिपके बनवल्याचं प्रसिद्ध झालं. रावेर-यावलच्या बागांत घड उतरल्यावर जी खोडं पडून राहतात, त्यांतही कार्बन आहे, आणि थोडा नायट्रोजनही.