लाइन डिरेक्टिव्ह

सी भाषेत ‘#लाइन’ ही प्रीप्रोसेसरला, म्हणजे कंपायलरआधी मजकूर तयार करणाऱ्या टप्प्याला, दिलेली सूचना. पुढच्या ओळीचा क्रमांक अमुक आणि फाइलचे नाव तमुक समजावे, एवढेच ती सांगते. नाव दिले नाही तर फक्त क्रमांक बदलतो. त्यानंतर ‘__लाइन__’ व ‘__फाइल__’ हे मॅक्रो (ज्यांच्या जागी चालू क्रमांक व फाइलचे नाव भरले जाते), चुकांचे संदेश आणि डीबगर या चुका शोधण्याच्या साधनासाठी नोंदलेली माहिती, सगळीकडे हाच पत्ता चालतो.

प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरच्या हाती पडणारा मजकूर बहुधा माणसाने लिहिला तसा उरलेला नसतो. दहा ओळींच्या प्रोग्रामला एक हेडर (तयार घोषणांची फाइल) जोडला की शेकडो ओळी होतात. म्हणून जीसीसी या कंपायलरचा प्रीप्रोसेसर स्वतःच जागोजागी ओळीचा क्रमांक व फाइलचे नाव सांगणाऱ्या ओळ-खुणा पेरतो. खुणेच्या शेवटी १ असेल तर नवी फाइल सुरू झाली, २ असेल तर आधीच्या फाइलीत परतलो, ३ असेल तर मजकूर सिस्टिम हेडरमधला.

प्रोग्रामच प्रोग्राम लिहू लागला की या सूचनेचे खरे मोल कळते. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थिनीने रायबंदर–चोडण फेरीबोटीचे वेळापत्रक वाचण्यासाठी ‘फेरी.वाय’ हे व्याकरण लिहिले, असे धरू. बायसन हा व्याकरणावरून प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम त्यातून हजारावर ओळींची सी फाइल तयार करतो. विद्यार्थिनीची चूक व्याकरणाच्या ४२व्या ओळीवर असेल, तर संदेशातही ‘फेरी.वाय’ची ४२वी ओळच दिसायला हवी. तिने कधी न लिहिलेल्या फाइलीतली ओळ दाखवून काय उपयोग? बायसन तिचा कोड उतरवण्याआधी एक ‘#लाइन’ घालतो आणि तो संपला की दुसरी घालून स्वतःच्या फाइलीवर परततो. ‘-एल’ पर्यायाने या सूचना गाळता येतात, पण व्याकरण अजून घडत असताना तो वापरू नये.

सांगितलेली फाइल डिस्कवर आहे की नाही, हे या सूचनेसाठी तपासले जात नाही. त्यामुळे क्लँग हा दुसरा कंपायलर खरे स्थान आणि मानलेले स्थान अशी दोन्ही हिशेबात ठेवतो. क्रमांक शून्य चालत नाही. कमाल मर्यादा मूळ मानकात ३२,७६७ होती, १९९९च्या सी९९ मानकाने ती २,१४,७४,८३,६४७ केली.

फाइलचा पूर्ण मार्गही डीबग माहितीत उतरतो. तोच कोड पणजीत आणि मडगावात वेगवेगळ्या फोल्डरांत बांधला, तर तेवढ्यानेच बायनरी, म्हणजे तयार होणाऱ्या यंत्रभाषेतल्या फाइली, निराळ्या होऊ शकतात. जीसीसी ८पासून ‘-एफफाइल-प्रीफिक्स-मॅप’ने मार्गाचा सुरुवातीचा भाग बदलून हा फरक मिटवता येतो.

देवनागरी मजकुरात ओळ बिनचूक मिळते, अडचण स्तंभाची, म्हणजे ओळीतल्या जागेच्या क्रमांकाची. ‘चोडण’ हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत १२ बाइटांचा. जीसीसी पूर्वी स्तंभ बाइटांनी मोजत असे, त्यामुळे एका ओळीत मराठी शब्दानंतर चूक आली की आकडा फुगे. जीसीसी ११पासून तो पडद्यावरच्या रुंदीने मोजला जातो.