निगेटिव्हसाठी स्कॅनर : आजचा पेच कुठून आला

कोल्हापुरात निगेटिव्ह स्कॅन करून ठेवण्याची निकड पुराने वाढवली. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पंचगंगेचं पाणी शहराच्या सखल भागात शिरलं. भिजलेल्या फिल्मवरचं जिलेटिन फुगतं. ती बटर पेपरच्या पाकिटात तशीच वाळली तर चित्राचा थर कागदाला चिकटतो आणि ओढून काढताना सोलून निघतो. पाणी न लागलेल्या पेट्यांनाही इथल्या पावसाळ्यात बुरशी धरते. स्कॅन करायचं हे त्यामुळे ठरलेलंच असतं. घोडं अडतं ते यंत्राच्या निवडीपाशी.

काचेच्या प्लेटांचा काळ इथे बाजूला ठेवू. पुढच्या काळात स्टुडिओत आणि घरोघरी १२० नंबरचा रुंद फिल्मचा रोल चालला. कॅमेरा अॅग्फा क्लिक थ्री काय किंवा याशिका मॅट काय, फ्रेम ६×६ सेंटिमीटरची. पस्तीस एमएम त्यानंतर सर्वदूर पसरला. हा फरक निर्णायक आहे, कारण पुढे आलेले बहुतेक खास फिल्म स्कॅनर फक्त पस्तीस एमएमसाठी होते.

त्या स्कॅनरांचा बहर २००० नंतरच्या दशकातला. निकॉनचे कूलस्कॅन फाइव्ह आणि ५००० हे ४००० डीपीआयचे (म्हणजे एका इंचात ४००० ठिपके टिपणारे), मिनोल्टाचा त्याहून वरचा, ५४०० चा. पण त्याच वर्षांत लग्नाच्या फोटोग्राफीतून रोल गेला. मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला, निकॉनने दशक संपता संपता फिल्म स्कॅनर थांबवले. व्यापाराच्या हिशेबाने ते बरोबर असेल; मला मात्र तो निर्णय घाईचा वाटतो. रोलची विक्री संपली तरी कपाटांत अनेक दशकांच्या निगेटिव्ह होत्याच. कलर लॅबने दिलेल्या सीडीवर भिस्त ठेवून कित्येकांनी मूळ पट्ट्या टाकून दिल्या, आणि त्या फाइल बहुधा पोस्टकार्ड प्रिंटपुरत्या होत्या.

रिकामी जागा फ्लॅटबेडने, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरने, घेतली आणि तिथून डीपीआयचा गुंता सुरू झाला. एप्सनच्या व्ही ७०० वर (२००६) आणि व्ही ६०० वर (२००९) ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नाही. सेन्सर एका इंचात तेवढे ठिपके खरोखर मोजतो. पण काच, भिंग आणि फोकस यांतून तेवढा तपशील सेन्सरपर्यंत पोचतच नाही. बारीक रेघांच्या चाचणीपट्टीवर तपासलं की व्ही ७०० सुमारे २३०० वर थांबतो, व्ही ६०० साधारण १५०० वर. हिशेब करून पाहा. पस्तीस एमएमची फ्रेम ३६×२४ मिलिमीटर. ६४०० ला तिची फाइल जवळपास ५५ मेगापिक्सेलची होते, ४८ बिट टिफ (रंगांचा सगळा तपशील राखणारी फाइल) केली तर ३०० एमबीच्या वर. २३०० ला मिळणारा खरा तपशील मात्र ७ मेगापिक्सेलचा. बाकी सगळी भरती. खास स्कॅनरचे ४००० म्हणजे सुमारे २१ मेगापिक्सेल आणि ते बहुतांशी खरे. दुकानात मात्र ६४०० हा आकडा ४००० पेक्षा मोठा दिसतो, आणि गिऱ्हाईक त्यावरच निवड करतं. माझ्या मते या खरेदीतलं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं.

तरीही फ्लॅटबेड टाकाऊ नाही. ६×६ च्या निगेटिव्हला मुळातच क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे २३०० डीपीआयलाही जवळपास २५ मेगापिक्सेल हाती येतात. जुन्या स्टुडिओच्या पेटीला तो पुरतो.

धूळ आणि ओरखडे पुसणाऱ्या इन्फ्रारेड सोयीसाठीही जादा पैसे मोजले जातात. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, म्हणून यंत्राला धूळ वेगळी दिसते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रच चांदीचं. ते इन्फ्रारेड अडवतं आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत स्लाइडवरही तिचा भरवसा नसतो. ज्यांची पेटी कृष्णधवल आहे, त्यांनी या सोयीसाठी पैसे घालू नयेत.

गेल्या काही वर्षांत मॅक्रो लेन्स, लाइट पॅनेल आणि डिजिटल कॅमेरा हा मार्ग पुढे आला आहे. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पस्तीस एमएमची पूर्ण फ्रेम टिपतो तेव्हा ते सुमारे ४२०० डीपीआय भरतात, आणि एका फ्रेमला काही सेकंद लागतात. जुना कूलस्कॅन मिळालाच, तर निकॉनचं मूळ सॉफ्टवेअर विंडोज व्हिस्टापाशी थांबलेलं आहे. व्ह्यूस्कॅनसारखं दुसरं घ्यावं लागतं.