चर्नी रोडच्या बागेपासून प्रज्ञाशोध परीक्षेपर्यंत

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा एक मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुस्करांच्या नजरेत भरला. केळुस्कर शिक्षक होते, पण हा मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता, तो एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जायचा. केळुस्करांनी त्याची विचारपूस केली, वाचायला पुस्तकं दिली. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्कारसभेत केळुस्करांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. कॉलेजचा खर्च घराला झेपेना, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकणारेही केळुस्करच. महिना 25 रुपये मिळू लागले. 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले.

ज्या समाजात त्यांचा जन्म झाला त्यातल्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं जात होतं, हे लक्षात घेतलं की केळुस्करांच्या त्या विचारपुशीचं मोल कळतं. कोणतीही चाचणी झाली नव्हती. एका शिक्षकाने मुलाला पाहिलं आणि तो त्याच्या मागे उभा राहिला, कित्येक वर्षं.

चाचण्यांचा उगम याच काळातला, आणि तो हुशारांसाठी नव्हताच. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली ती वर्गात मागे पडणाऱ्या, वेगळी मदत लागणाऱ्या मुलांसाठी. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी तिचं तोंड दुसरीकडे वळवलं. 1921 पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली तल्लख मुलं हुडकायला सुरुवात केली. आधी शिक्षकांनी नावं सुचवायची, मग चाचणी घ्यायची. त्या चाळणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं गळाली, म्हणजे निवडलीच गेली नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रज्ञाशोधाच्या कुठल्याही योजनेचा आराखडा करणाऱ्याने ही गोष्ट टेबलासमोर लावून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी 1930च्या दशकात बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. हे काम विलक्षण महत्त्वाचं होतं. परक्या भाषेत, परक्या वस्तूंविषयी विचारलेला प्रश्न मुलाची बुद्धी मोजत नाही, त्या भाषेशी असलेली त्याची ओळख मोजतो. तरीही ही जाण मोठ्या योजनांपर्यंत पोचायला फार वेळ लागला. एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेची विज्ञान प्रज्ञाशोध योजना 1963 मध्ये दिल्लीपुरती सुरू झाली, पुढच्या वर्षी देशभर गेली. पण संविधानाने मान्य केलेल्या भाषांमधून उत्तरं लिहिण्याची मुभा मिळाली ती 1976 च्या फेरबदलात. तेव्हाच विज्ञानाच्या जोडीला सामाजिक शास्त्रंही आली.

पुण्यात 1962 साली अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तीही आधी शाळेबाहेरचं वाढीव शिक्षण म्हणून. प्रशाला 1969 मध्ये आली. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या मांडणीचा आधार घेतला. त्या मांडणीत बुद्धी म्हणजे एक आकडा नसतो, अनेक वेगवेगळ्या क्षमतांचा तो समूह असतो. पाठांतरात मागे पण नव्या कल्पना सुचण्यात पुढे असलेलं मूल त्यामुळे दिसू लागतं. हा विचार जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत का गेला नाही, ही खंत मात्र उरतेच.

खेड्यातल्या मुलांसाठी राज्याने विद्यानिकेतनं, म्हणजे निवासी शाळा, काढली. नंतर 1986 च्या शैक्षणिक धोरणाबरोबर नवोदय विद्यालयं आली. देशातली पहिली दोन हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, राहणं-जेवण-शिक्षण मोफत. शेतमजुराच्या घरातली मुलं इथून इंजिनिअर, डॉक्टर झाली आहेत. पण मुख्य दार एकच, पाचवीत द्यायची प्रवेशपरीक्षा. हळूहळू तिचेही क्लास निघाले, गाईडं निघाली. ज्याच्या पालकांना फॉर्मची तारीखच कळली नाही, ते पोर वर्गात कितीही चमकदार असो, दाराशी पोचलंच नाही.

2008 मध्ये आलेली केंद्र सरकारची एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट) शिष्यवृत्ती मला या सगळ्यात सर्वांत समंजस वाटते. कारण तिने प्रश्नच वेगळा विचारला. आठवीनंतर पैशाअभावी शाळा सोडेल असं हुशार मूल कोणतं? पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, सरकारी आणि अनुदानित शाळांमधली मुलं पात्र ठरतात, आणि आता बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. दरम्यान एनसीईआरटीची प्रज्ञाशोध परीक्षा 2021 नंतर झालेली नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रज्ञावंत मुलांविषयी स्वतंत्र परिच्छेद आहेत. वर्गातच जास्तीचं साहित्य द्यावं, विषयवार मंडळं चालवावीत, बी.एड.मध्ये या मुलांच्या शिक्षणाचा विशेष अभ्यास ठेवता यावा, असं त्यात म्हटलं आहे. दोन शिक्षकांवर पाच इयत्ता चालणाऱ्या शाळेत हे कोण करणार, याचं उत्तर तिथे नाही. एनएमएमएसचा अर्जसुद्धा शाळेमार्फतच जातो. आठवीच्या वर्गातल्या कोणाचं नाव त्यात घालायचं, ते अजूनही एखाद्या गुरुजींनाच आठवावं लागतं.