निरीक्षणवही आणि मूल्यमापनवही: एकीची नक्कल दुसरीत का उतरवू नये

माँटेसरी पद्धतीच्या बालवर्गात 'निरीक्षणवही' असतेच असते. ती उघडा. 'अंक ओळखतो.' 'रंगांत गोंधळते.' 'एकाग्रता कमी.' 'गटात मिसळत नाही, प्रोत्साहनाची गरज.' पानामागून पान हेच. यातलं एकही वाक्य निरीक्षण नाही. हे शेरे आहेत, आणि शेऱ्यांची जागा मूल्यमापनाच्या वहीत. तीच वही दोन नावांनी लिहायची असेल तर एकदाच लिहा, बाईंचा तासभर तरी वाचेल.

मूल्यमापन म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, 'आकारिक' (शिकता शिकता चालणारं) आणि 'संकलित' (सत्राअखेरचं) हे शब्द तोंडी बसले, वर्णनात्मक नोंदी आल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत स्तर वेगळा काढला आणि समग्र प्रगतीपत्रकाची भाषा बालवर्गापर्यंत पोचली. अपेक्षा आधी ठरलेली. मूल तिथवर पोचलं का ते बघायचं आणि लिहायचं. हे काम लागतंच. पालकांना उत्तर द्यावं लागतं, पुढच्या वर्गाच्या बाईंच्या हातात काहीतरी पडावं लागतं. माझं भांडण आहे ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'रेडिमेड नोंदीं'च्या पीडीएफशी. मुलाकडे बघायच्या आधीच वाक्य तयार.

प्रशिक्षणात या दोन गोष्टींतला फरक सांगायला फळ्यावर तक्ता काढतात: निरीक्षण रोज, मूल्यमापन सत्रातून एकदोनदा, निरीक्षण शब्दांत, मूल्यमापन श्रेणीत, निरीक्षण नकळत, मूल्यमापन सांगून. सगळं खरं आणि सगळं बिनमहत्त्वाचं. मूल्यमापन रोज करता येतं, शब्दांत करता येतं, मुलाला पत्ता लागू न देताही करता येतं, आणि केलंही जातं. म्हणूनच तक्ता पाठ असलेल्या बाईसुद्धा निरीक्षणवहीत शेरे लिहितात. राहिली देखरेख. कोणी पडलं का, कोणी कोणाला चावलं का, हे बघणं मदतनीस ताईंचंही काम आहे. ते निरीक्षणात मोजू नये, एवढं पुरे.

पहिला संशय कोणावर?

खरा फरक एकच आहे. मुलाचं काम अडलेलं दिसलं की मूल्यमापन मुलाकडे वळतं: याला काय येत नाही? निरीक्षण आधी मांडणीकडे, साहित्याकडे आणि बाईंकडे वळतं: याच्या वाटेत काय आडवं आलं? मुलावर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. ऐकायला हे सोपं वाटतं, पण हातात पेन आलं की नव्वद टक्के वेळा पहिलंच घडतं. म्हणून याची उदाहरणं जरा सावकाश बघू.

श्रावणातला दिवस. चार वर्षांची मुलगी दट्ट्यापेटी घेऊन बसली आहे: दहा भोकांचा लाकडी ठोकळा आणि त्यात बसणारे दहा दट्टे. असे चार ठोकळे असतात. त्यांतल्या जाडीच्या ठोकळ्यातला दट्टा ती बरोबर भोकावर नेते, दाबते, तो अर्ध्यावर अडतो. ती काढते, दुसऱ्या भोकावर नेते, परत आणते. पाच मिनिटांनी ठोकळा तसाच सोडून उठते. वहीत नोंद पडते: 'हात व डोळ्यांचा समन्वय कमी.' आता बाईंनी स्वतः तो दट्टा बसवून बघावा. बसत नाही! कोकणातल्या पावसाळी हवेत लाकूड फुगतं, आणि फुगतं ते धाग्याच्या आडव्या दिशेने. दट्ट्याचे धागे उभे असल्यामुळे तो चहूबाजूंनी जाड होतो. ठोकळ्याचे धागे लांबीच्या दिशेने असल्यामुळे भोक रुंदीकडे किंचित वाढतं, लांबीकडे नाही. गोल दट्टा, लंबगोल भोक. मुलीने निवड बरोबर केली होती. आणि या साहित्याचा जीवच असा आहे की चूक कुठे झाली ते बाईंनी नाही, साहित्याने सांगायचं. बरोबर दट्टा अडला की साहित्य खोटं बोलायला लागतं.

यावर उपाय म्हणून काहीजणी पॉलिश पेपरने दट्टे घासतात. घासू नका. हवा कोरडी झाली की तोच दट्टा भोकात खुळखुळतो आणि मग कायमचाच खुळखुळतो. बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेलं कपाट हातभर पुढे ओढा, दट्ट्यांच्या बाजूंवर साध्या मेणबत्तीचं मेण चोळा आणि पावसाळाभर दर सोमवारी मुलं यायच्या आत चारही ठोकळे स्वतः एकदा भरून बघा. पाचसात मिनिटांचं काम आहे. खरखरीत अक्षरांचंही (बोटाने गिरवायच्या, वाळू चिकटवलेल्या अक्षरांचं) तसंच: दमटपणाने वाळू सुटते, बोटाला गुळगुळीत लागतं, आणि शेरा पडतो, 'अक्षर गिरवताना लक्ष नसते'.

रंगांची तिसरी पेटी घ्या. नऊ रंग, प्रत्येकाच्या सात छटा, एकूण ६३ पट्ट्या. जुलैत भर दुपारी वर्गात अंधारून येतं, वीज गेलेली असते, अशा वेळी मधल्या दोन छटा मोठ्यांनाही वेगळ्या दिसत नाहीत. 'रंगांत गोंधळते' लिहिण्याआधी पेटी खिडकीशी नेऊन बघा. उजेडातही गोंधळली तर नोंद करा, आणि तीत उजेडाचा उल्लेख करा.

भाषेचं उदाहरण कपाटातल्या साहित्यापेक्षा नाजूक आहे. 'बोलत नाही, शब्दसंपत्ती मर्यादित' हा शेरा सिंधुदुर्गात किती वह्यांत असेल! तेच मूल खाऊच्या वेळी मदतनीस ताईंना 'माका आजून होया' म्हणतं, पायपुसणं कोणी सरकवलं ते सविस्तर सांगतं. बाई शाळेची मराठी बोलतात म्हणून ते बाईंशी गप्प असतं. निरीक्षण असं लिहिलं जाईल: 'सकाळभरात माझ्याशी शून्य वाक्यं, ताईंशी सात, शेजारच्या मुलाशी मोजता आली नाहीत.' हे वाचून प्रश्न मुलाचा राहत नाही, बाईंनी मालवणीत उत्तर देऊन बघायचं का, हा होतो. आगरी, कोळी घरांतल्या मुलांच्या बाबतीतही हेच.

शेवटचं उदाहरण सगळ्या वर्गाचं. तीन तासांचं सलग कामाचं सत्र सुरू होऊन तासभर झाला की वर्ग विस्कटल्यासारखा दिसतो. मुलं उठतात, फिरतात, आवाज वाढतो. 'मुलं कंटाळली' असं ठरवून बाई सगळ्यांना गोलात बसवून गाणं घेतात. या पद्धतीच्या जनक मारिया माँटेसरींनी हाच क्षण कामाच्या आलेखात दाखवला आहे आणि त्याला खोटा थकवा म्हटलं आहे: हलकं काम संपलेलं असतं, अवघड काम अजून उचललेलं नसतं. दहाएक मिनिटं थांबलं तर मुलं स्वतःहून सकाळचं सगळ्यात मोठं काम घेतात. गाणं घेतलं की ते काम होतच नाही, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्या वर्गाच्या नावापुढे 'एकाग्रता वाढवणे आवश्यक' येतं. एकाग्रता कोणी मोडली, ते वहीत कुठेच नसतं.

पहिला संशय मांडणीवर घेण्याचं धाडस मोठ्या प्रमाणावर कोणी केलं असेल तर ते कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती. 'या मुलांना शिक्षणात रस नाही' असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं. त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, बिया, माती, पानं आली. चिंतनशील अध्यापन (आपलं शिकवणं आपणच तपासून बघणं) या भारदस्त नावाखाली हल्ली जे शिकवतात ते हेच आहे. फक्त तेव्हा त्याची फाइल नव्हती.

लिहायचं कसं

भिंतीला पाठ लावून, मुलांच्या उंचीला, पाटावर किंवा बुटक्या खुर्चीत बसा. मुलांच्या मागे उभं राहून वाकून बघणं ही देखरेख झाली, मुलं लगेच हात आखडतात. एक मूल, पंधरा मिनिटं, हातात वही. 'बाय, काय लिवतास?' असं विचारायला कोणीतरी येणारच. 'माझं काम करतेय' एवढं उत्तर पुरतं, दोनचार दिवसांत विचारणं थांबतं. मोबाईलवर व्हिडिओ काढू नका. कॅमेरा दिसला की मूल कॅमेऱ्यासाठी काम करतं, आणि तो व्हिडिओ संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर गेल्याशिवाय राहत नाही.

पानावर उभी रेघ मारा. डावीकडे वेळ आणि जे दिसलं, ऐकू आलं ते. उजवीकडे तुम्हाला काय वाटतं ते, पण उजवी बाजू मुलं घरी गेल्यावरच भरायची. हा नियम कडक पाळा, कारण मत एकदा लिहिलं की डोळे पुढची पंधरा मिनिटं त्याला पुरावाच शोधत बसतात. डावीकडे क्रियापदं आणि आकडे येऊ द्या, विशेषणं नकोत. 'नीट', 'छान', 'अस्वस्थ', 'हट्टी' हे शब्द डावीकडे दिसले की खोडा. उदाहरणार्थ:

'९.४० तांब्यातून पेल्यात पाणी. सांडलं. फडकं आणायला गेली, फडकं जागेवर नाही. फ्रॉकने पुसलं. ९.४३ पुन्हा ओतलं, सांडलं नाही. पुन्हा. पुन्हा. ९.५१ सहाव्या वेळी मी "शाब्बास" म्हटलं. थांबली, माझ्याकडे बघितलं, तांब्या ठेवून दिला.'

या पाच ओळींत दोन दुरुस्त्या उघड पडल्या आहेत: फडक्याची जागा आणि बाईंचं शाब्बास. 'पाणी ओतण्याचे कौशल्य चांगले' या शेऱ्यात एकही नाही.

मोजण्याची सवय लावून घ्यायची तर १९०७ साली रोममध्ये सान लोरेन्झोला उघडलेल्या पहिल्या 'बालगृहा'तला, म्हणजे माँटेसरींच्या पहिल्या बालशाळेतला प्रसंग आठवावा. तीनेक वर्षांची मुलगी दट्टे काढत-घालत होती. माँटेसरींनी तिचं कौतुक केलं नाही, त्या मोजायला लागल्या. बाकीच्या मुलांना गायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी ती थांबली नाही. चाळीसपेक्षा जास्त वेळा तेच काम करून मग ती आपणहून थांबली. त्या डॉक्टर होत्या, मोजल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही ही सवय तिथली.

वर्गाचं मोजायचं तर दर दहा मिनिटांनी एकदा नजर फिरवून तीनच आकडे लिहा: कामात किती, फिरताहेत किती, बाईंभोवती किती. आठवडाभर केलंत की खोटा थकवा नेमका केव्हा येतो ते तुमच्या वर्गापुरतं कळतं. आणि एक आकडा मदतनीस ताईंना मोजायला सांगा: अर्ध्या तासात बाई कामात असलेल्या मुलांशी स्वतःहून किती वेळा बोलल्या. तो ऐकायला बरा वाटत नाही, पण बाकी सगळ्या तक्त्यांपेक्षा उपयोगी आहे.

तीन टप्प्यांचा पाठ, म्हणजे नवा शब्द शिकवण्याची माँटेसरी रीत, हे शिकवणं आणि परीक्षा यांचा गोंधळ होण्याचं हमखास ठिकाण. 'हा जाड, हा बारीक' हा पहिला टप्पा; 'जाड दाखव, बारीक माझ्या हातात दे' हा दुसरा; 'हा कोणता?' हा तिसरा. दुसरा सगळ्यात लांब चालायला हवा, कारण शिकणं त्यातच होतं. घाईत तो गाळून बाई पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि पाठाची तोंडी परीक्षा होते. दुसऱ्या टप्प्यात मूल चुकलं तर 'नाही, हा नव्हे' म्हणायचं नसतं. साहित्य शांतपणे आवरून ठेवायचं, पाठ दुसऱ्या दिवशी.

एक उलटा घोटाळाही आहे. चिंतन म्हणजे स्वतःला दोष देणं, असं समजून काहीजणी उजव्या बाजूला लिहितात, 'आज माझा संयम सुटला, मी सुधारायला हवं.' हाही शेराच, फक्त मुलाऐवजी स्वतःवर. त्यातून उद्या सकाळी करायचं असं काहीच निघत नाही. 'दट्टा चुकीच्या भोकावर नेताच मी बोट दाखवलं' हे डावीकडे, आणि उजवीकडे 'उद्या ठोकळा दिल्यावर दोन हात लांब बसायचं, हात मांडीवर'. बदल एका वेळी एकच करा आणि आठवडाभर तसाच ठेवा. फडक्याची जागा, चटयांची दिशा आणि सत्राची वेळ एकाच सोमवारी बदललीत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

आता दोन वह्यांचं नातं. निरीक्षणांवरून प्रगतीपत्रक भरता येतं. प्रगतीपत्रकावरून निरीक्षणं मागाहून रचता येत नाहीत, जरी तपासणीच्या आदल्या रात्री बऱ्याच ठिकाणी तेच चालतं. प्रत्येक मुलाच्या तारीखवार डाव्या बाजू समोर ठेवा, निदान तीन वेगवेगळ्या दिवसांत तेच दिसलं असेल तरच ते शेऱ्यात घ्या, आणि मधल्या काळात मांडणीत काय बदललं ते कंसात लिहा. पालकसभेत 'एकाग्रता कमी' सांगण्यापेक्षा 'रतांब्याच्या बिया निवडण्यात पंचवीस मिनिटं बसतो, दट्ट्यांत चार' हे सांगा. आईला घरी काय द्यायचं ते लगेच समजतं. गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा मात्र या हिशेबात धरू नका. घर मुंबईकरांनी भरलेलं असतं, आरत्या आणि भजनं रात्री उशिरापर्यंत, मुलं पेंगत येतात. मूल्यमापनाची तारीख त्या आठवड्यात पडली असेल तर पुढे ढकलून घ्या.