लेक आत, सून बाहेर

अमेरिकेत 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन', म्हणजे डीएआर, ही स्वातंत्र्ययुद्धातल्या पूर्वजांच्या वंशज बायकांची संस्था आहे. तिचा विषय निघाला की आपल्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "हां, म्हणजे आपल्या कुलसंमेलनासारखंच!" पंधरा वर्षं हे ऐकतेय. नाही हो, तसं नाही.

कुलसंमेलन तुम्हाला ठाऊक आहे. एक आडनाव, एक गोत्र, एक कुलदैवत. सकाळी पूजा, मग दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार, दुपारी पंगत, आणि निघताना वर्गणीवरून थोडी कुरबुर. पुढे चला.

डीएआरमध्ये आडनाव कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच: १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळात तुमच्या कुठल्या पूर्वजानं अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी काय केलं, आणि तुम्ही त्याच्या रक्ताच्या आहात हे कागदावर दाखवता येतं का? तो सैनिकच हवा असंही नाही. सैन्याला धान्य पुरवलेला शेतकरी चालतो, निष्ठेची शपथ घेतलेला साधा गावकरीही चालतो. आपल्या मूळपुरुषानं काही केलं असो वा नसो, तो मूळपुरुष असतोच. इथे कामगिरी नसेल तर पूर्वज कितीही जुना असला तरी उपयोग नाही.

आणि खरी गफलत होते ती 'रक्ताच्या' या शब्दापाशी. आपल्याकडे वंश चालतो नावानं. सून लग्न करून येते आणि कुलवृत्तांतात जाते. लेक लग्न करून जाते, तिच्या नावापुढे सासरचं आडनाव लिहितात आणि फांदी तिथेच थांबते. दत्तक मुलगा मात्र वंश पुढे नेतो. डीएआरमध्ये हे सगळं उलटं आहे. लेक आत, तिची लेक आत, तिचीही आत. मधे सात वेळा आडनाव बदललं तरी बिघडत नाही. सून बाहेर. दत्तक घेतलेली मुलगीही त्या घराच्या पूर्वजावर आत येऊ शकत नाही, जन्मदात्यांच्या बाजूनं येत असेल तर येते. हा नियम मला कठोर वाटतो, पण नियम आहे.

म्हणून तिथली खरी मेहनत कागदांची. प्रत्येक पिढीला 'हे यांचंच मूल' हा सांधा सिद्ध करावा लागतो. जन्माचा दाखला, लग्नाची नोंद, मृत्युपत्र, जनगणनेचं पान. "आमच्या आजी सांगायच्या" हे चालत नाही. आपल्या कुलवृत्तांतातल्या निम्म्या वंशावळी या चाळणीतून खाली पडतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

यातून आणखी एक गोष्ट येते, जी लोकांच्या लक्षातच येत नाही: शाखेत जमलेल्या बायका बहुतेक वेळा एकमेकींच्या कुणीच नसतात. बहुतेकींचा पूर्वज वेगळा. त्यामुळे भाऊबंदकी नाही, आणि 'आमच्या घराण्याचा इतिहास' हा विषयही नाही. झेंड्याला वंदन होतं, अहवाल वाचतात, कुणाचं तरी व्याख्यान होतं, मग खाणं. बाकी कामं बाहेरची: जुन्या सैनिकांच्या थडग्यांवर खूण बसवणं, १७ ते २३ सप्टेंबरचा संविधान सप्ताह, माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मदत. माझ्या नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी दारात एक पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. छातीवर निळी-पांढरी फीत, फितीवर डीएआरचा, सूतकताईच्या चाकाचा बिल्ला. मला वाटलं, गांधीजींचा चरखा! त्यांनी हातात छोटा झेंडा दिला आणि वेलकम म्हणाल्या.

सगळं गोड नाही. १९३९ साली याच संस्थेनं मेरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला आपला कॉन्स्टिट्यूशन हॉल कार्यक्रमासाठी नाकारला. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या. कॅरेन बॅचलर यांना, पहिल्या ज्ञात कृष्णवर्णीय सदस्येला, प्रवेश मिळायला १९७७ उजाडलं. रक्ताचा नियम कागदावर रंग बघत नव्हता, माणसं बघत होती.

पुरुषांची संस्था वेगळी, १८८९ची. तिनं बायकांना घेतलं नाही म्हणून १८९० साली ही निघाली. बाकी फरक किरकोळ.

माझी मावसबहीण अमेरिकन घरात दिलीय. नवऱ्याच्या आईकडची सगळी साखळी तिनं एकटीनं जुळवली, तीन वर्षं शनिवारी लायब्ररीत बसून. अठरा पूर्ण झाल्यावर लेक सदस्य झाली. ही अजून पाहुणी म्हणून जाते. बटाटेवडे मात्र तिचेच असतात.