पित्तखड्यांमुळे स्वादुपिंडदाह: पित्ताशय केव्हा काढावे, या वादाची पार्श्वभूमी

पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका जिथे एकत्र येऊन लहान आतड्यात उघडतात, त्या तोंडाशी पित्ताशयातून येऊन अडकलेला खडा स्वादुपिंडदाहाला, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेला, कारण ठरू शकतो, हे 1901 मध्ये शवविच्छेदनातून पुढे आले. शस्त्रक्रियेच्या वेळेचा वाद मात्र 1974 मध्ये, बहुतेक रुग्णांच्या विष्ठेत खडे सापडल्याचे प्रसिद्ध झाल्यावर, खऱ्या अर्थाने पेटला. खडा अडकून राहण्याआधीच काढावा, असे काहींचे म्हणणे होते. तो बहुधा आपोआप निघून जातो, तेव्हा आधी दाह ओसरू द्यावा, असे इतरांचे.

1988 मध्ये अमेरिकेतील 165 रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीने पारडे थांबण्याच्या बाजूला झुकवले. तीव्र आजार असताना पहिल्या 48 तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण दगावले. थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 11 टक्के होते. हा इशारा तीव्र आजारापुरता होता आणि शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या होत्या. शिवाय या चाचणीत ‘थांबणे’ म्हणजे 48 तास उलटू देणे होते, रुग्णाला घरी पाठवून सहा आठवड्यांनी बोलावणे नव्हे. तरीही पुढे अनेक ठिकाणी सौम्य आजाराच्या रुग्णांनाही सरसकट सहा आठवड्यांनंतरची तारीख देण्याची पद्धत रूढ झाली, आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया सर्वत्र पोहोचल्यावरही ती टिकली. तिला त्या चाचणीचा आधार होता, असे म्हणणे कठीण आहे. या मधल्या काळात पुन्हा कळा येऊन, कधी पुन्हा दाह होऊन, दाखल व्हावे लागलेल्या रुग्णांनी तिची किंमत मोजली.

नेदरलँड्समधील 23 रुग्णालयांत झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हे मोजून दाखवले. सौम्य आजारात पित्ताशय त्याच मुक्कामात काढलेल्यांपैकी 5 टक्के, तर साधारण चार आठवड्यांनी काढायचे ठरलेल्यांपैकी 17 टक्के रुग्णांना सहा महिन्यांत खड्यांच्या त्रासामुळे पुन्हा दाखल व्हावे लागले किंवा मृत्यू आला. लवकर केलेली शस्त्रक्रिया अधिक अवघड गेल्याचेही दिसले नाही. सौम्य आजारात घरी सोडण्याआधीच पित्ताशय काढावे, असा मार्गदर्शक सूचनांचा कल आता आहे.

तीव्र आजारात, स्वादुपिंडाभोवती द्रव साचला असेल तर तो जिरेपर्यंत किंवा स्थिरावेपर्यंत थांबणे आजही योग्य मानले जाते. सौम्य आजारातील विलंबाला मात्र आता वैद्यकीय कारणापेक्षा शस्त्रक्रियागृहाच्या भरलेल्या वेळापत्रकाचेच कारण अधिक वेळा असते.