विमानाच्या पंखावरचा लाल दिवा

रात्री आकाशात विमान दिसलं, तर लुकलुकणारे दिवे सोडून त्याचे स्थिर दिवे पाहा. नुसता लाल दिसला तर विमानाची डावी बाजू आपल्याकडे आहे, ते आपल्या डावीकडे चाललंय. हिरवा दिसला तर उजवीकडे. फक्त पांढरा म्हणजे शेपटी आपल्याकडे, विमान दूर जातंय. लाल उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला असे दोन्ही दिसले, तर ते थेट आपल्याच रोखानं येतंय! दुसऱ्या वैमानिकाला हे क्षणात कळायला हवं. म्हणून या दिव्यांत उजेडाइतकाच रंगही मोलाचा.

पूर्वी हा रंग काचेतून यायचा. फिलामेंटचा, म्हणजे तापलेल्या तारेचा, बल्ब सगळेच रंग देतो. लाल काच त्यातला लाल तेवढा सोडते, बाकीचा गिळते. हिरव्या काचेमागे तर आणखी नासाडी, कारण तापलेल्या तारेच्या उजेडात हिरवा मुळातच कमी. एलईडीत रंग स्फटिकातच ठरतो: इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर उतरताना जेवढी ऊर्जा सोडतो, तसा प्रकाशाचा रंग. लाल एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी दाखवला, पण झगझगीत हिरव्यासाठी १९९० चं दशक उजाडावं लागलं. शिवाय पंखाच्या टोकाशी सतत थरथर असते. तिथे तुटायला एलईडीत तारच नाही, आणि उंचावरची कडाक्याची थंडी त्याला मानवते.

मग जुना बल्ब काढून तिथे पांढरा एलईडी बसवला तर? हा मोह धोक्याचा आहे. पांढरा एलईडी बहुधा निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर लेप असा असतो. त्यात लाल कमी, त्यामुळे लाल काचेमागे तो मंद पडतो. अमेरिकी नियमांनुसार लाल आणि हिरव्या दिव्याचं तेज नाकाच्या दिशेला किमान ४० कँडेला (तेज मोजायचं एकक) हवं, बाजूला वळत गेलं की ५ पुरतं. म्हणजे प्रकाश किती, याइतकंच तो कुठे पडतो हेही मोजलं जातं.

एक अडचण मात्र एलईडीच्या गुणातूनच आली. नाइट व्हिजन गॉगल, म्हणजे अंधारात पाहायचे चष्मे, मुख्यतः गडद लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश वाढवून दाखवतात. तापलेली तार अवरक्त भरपूर फेकायची, एलईडी जवळजवळ नाहीच. नुसत्या डोळ्यांना लख्ख दिसणारा दिवा गॉगलमधून हरवू शकतो. त्यावर उपाय म्हणून काही दिव्यांत वेगळे अवरक्त एलईडी बसवतात.

मला सर्वांत विचार करायला लावतं ते एलईडीचं म्हातारपण. बल्ब उडाला की लगेच कळतं. एलईडी वर्षानुवर्षं हळूहळू मंदावतो, आणि उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारणाऱ्याला तो चालूच दिसतो. डोळ्याला हा फरक पकडता येत नाही. त्यासाठी तेज मोजावं लागतं, किंवा दिवा किती तास जळला याचा हिशेब ठेवून, तो चालू असतानाच बदलावा लागतो.